सर दोराबजी टाटा : पत्नीवियोगानंतरचे पन्नास आठवडे

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत टाटा या नावास एक निराळाच अर्थ प्राप्त झालेला आहे. अन्यत्र हे नाव उच्चारताच पोलादाचा कारखाना, मोटारगाड्या, मीठ किंवा चहा डोळ्यांपुढे येत असेल. आमच्याकडे मात्र अमक्याला टाटाला नेले, एवढे कोणी हलक्या आवाजात सांगितले, म्हणजे ऐकणाऱ्यास पुढे काही विचारावे लागत नाही. रोगाचे नाव कोणी घेत नाही. ते त्या एका शब्दात सामावलेले असते. नांदेडहून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने आणि लातूरहून लातूर एक्स्प्रेसने मुंबईस जाणाऱ्या उतारूंत अशी चारदोन कुटुंबे बहुधा आढळतातच. तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी, भाकरी-चटणीचे गाठोडे आणि डोक्यास रुमाल बांधलेला एक रुग्ण, ही त्यांची ओळख. दिवसा परळच्या रुग्णालयात रांग लावावी, रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाल्यास तेथे पाठ टेकावी, न मिळाल्यास पदपथावरच पथारी पसरावी, असा त्यांचा क्रम असतो.

ज्या रुग्णालयाचा आधार आपल्या इतक्या घरांनी घेतला, ते कोणत्या दुःखातून उभे राहिले, हे मात्र आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. म्हणून या ज्युबिली स्मरणिकेत, आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासासोबतच, सर दोराबजी टाटा यांच्या चरित्राचा अल्पसा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. दोराबजी हे पारशी, जरथुष्ट्राचे अनुयायी. ते आमच्या धर्माचे नव्हते. परंतु सत्कृत्यास जातपात नसते, आणि उपकाराचे स्मरण ठेवण्यास तर मुळीच नसावी. त्यांचे सारे आयुष्य विस्ताराने सांगावे, असा आमचा मानस नाही. त्यांच्या पत्नीच्या मृत्यूपासून त्यांच्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत सुमारे पन्नास आठवड्यांचा काळ लोटला. त्या पन्नास आठवड्यांत या मोठ्या कारखानदाराने आपल्या दुःखाचे काय केले, हा आमचा मुख्य विषय होय. तथापि ते नीट समजण्याकरिता आधीच्या वर्षांकडे वळणे अवश्य आहे.

दोराबजींचा जन्म दि. २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. जमशेटजी नसरवानजी टाटा व हिराबाई यांचे ते ज्येष्ठ पुत्र. आरंभीचे शिक्षण मुंबईस झाल्यावर १८७५ साली त्यांस इंग्लंडास पाठविण्यात आले, व १८७७ साली ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथे पुस्तकांइतकेच मैदानही त्यांस प्रिय होते. क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी लौकिक मिळविला. १८७९ साली ते स्वदेशी परतले आणि पुढील अध्ययनासाठी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जाऊ लागले. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापिलेल्या या महाविद्यालयातून ते १८८२ साली पदवीधर झाले. आमच्या धर्मसंस्थेच्या एका विद्यालयाचा या पुरुषाच्या घडणीस हातभार लागला, ही गोष्ट वाचकांस समाधानाची वाटेल, म्हणून ती येथे नमूद करितो.

पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले. १८८४ साली ते पित्याच्या पेढीत आले. पाँडिचेरी येथे कापडगिरणी काढणे किफायतशीर होईल की काय, हे पाहण्यासाठी पित्याने प्रथम त्यांस तिकडे पाठविले, व त्यानंतर नागपुरास. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. कापसाची गाठ कशी येते, सूत कसे निघते, मजूर कसा राबतो, हे त्यांस तेथे जवळून पाहावयास मिळाले. आमच्या मराठवाड्याच्या काळ्या भूमीतही कापूस पिकतो. कापसाच्या भावावर घराचे सुखदुःख कसे हेलकावे खाते, हे आमच्या शेतकरी बांधवांस निराळे सांगणे नलगे.

पुढे म्हैसूर संस्थानात प्रवास करीत असता जमशेटजींचा परिचय तेथील शिक्षणखात्याचे प्रमुख डॉ. होरमसजी भाभा यांच्याशी झाला. त्यांची कन्या मेहेरबाई यांच्याशी दोराबजींचा विवाह १८९८ साली झाला. वर ३८ वर्षांचे, वधू १८ वर्षांची. वयातील हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

मेहेरबाई या केवळ श्रीमंताच्या गृहिणी म्हणून राहिल्या नाहीत. त्या उत्तम टेनिस खेळत, आणि तेही साडी नेसून. पतीबरोबर घोड्यावर रपेट करीत, देशोदेशी हिंडत. भारतातील स्त्रियांची राष्ट्रीय परिषद १९२५ साली स्थापन झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. मुलींचे शिक्षण, पडदा आणि बालविवाह हे त्यांच्या चिंतेचे विषय होते. १९२९ साली बालविवाह-प्रतिबंधाचा जो कायदा झाला व जो लोकांत शारदा कायदा म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच्या बाजूने त्यांनी मत तयार केले. १९२७ साली अमेरिकेत जाऊनही त्यांनी या विषयावर भाषण केले. या दांपत्यास अपत्य झाले नाही. पतिपत्नींचे सख्य मात्र अतिशय दृढ होते. एकाचे काम ते दुसऱ्याचे काम, असा त्यांचा संसार होता.

दि. १९ मे १९०४ रोजी जमशेटजी जर्मनीत निवर्तले. त्यांची तीन मोठी स्वप्ने त्या वेळी कागदावरच होती: पोलादाचा कारखाना, सह्याद्रीच्या पावसाच्या पाण्यापासून वीज, आणि उच्च विज्ञानशिक्षणाची संस्था. ही तिन्ही पुरी करण्याचा भार दोराबजींवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर पडला. लोखंडाचा शोध प्रथम आपल्या महाराष्ट्रातील चांदा जिल्ह्यात लोहारा येथे झाला, परंतु तेथे एवढ्या मोठ्या कारखान्यापुरते धातुक मिळेना. प्रयत्न सोडून देत असल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपुरास अधिकाऱ्यांकडे गेले. भेटीस अवकाश होता, म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे भिंतीवर टांगलेल्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी लोखंड दर्शविणारा गडद रंग त्यांच्या दृष्टीस पडला. शोध पुन्हा सुरू झाला. अखेरीस भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दाखविलेल्या मयूरभंजच्या डोंगरांतील धातुकावर कारखान्याची जागा ठरली.

१९०७ साली भांडवल उभारावयाचे होते. लंडनच्या सावकारांनी उत्साह दाखविला नाही, तेव्हा दोराबजींनी स्वदेशीयांपुढे हात पसरला. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भागीदारांनी २ कोटी ३२ लक्ष रुपये पुरविले. १९१२ साली साकची येथे पहिले पोलाद निघाले. त्याच गावास १९१९ साली जमशेदपूर हे नाव मिळाले. बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांस वीज पोहोचली. १९१० साली सरकारने दोराबजींस सर ही पदवी दिली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले त्यांनी पाहिली, व १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस खेळाडू धाडण्यात त्यांनीच पुढाकार घेतला व पदरचे पैसेही घातले.

चरित्रकाराने केवळ गोड तेवढेच सांगावे, हे आम्हांस संमत नाही. वीजनिर्मितीच्या याच विस्तारात मुळशीच्या खोऱ्यातील मावळ्यांच्या भातजमिनी धरणाखाली गेल्या, आणि १९२१ पासून तीन वर्षे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला. धरण झाले, शेतकरी हरले. ज्यांची घरे बुडाली, त्यांच्या लेखी टाटा हे नाव उपकाराचे नव्हते. मोठ्या माणसाच्या मोठ्या कामाखाली लहान माणसाचे नुकसान झालेले असू शकते, हे विसरून केलेली स्तुती खरी नसते. हे मान्य करूनच आम्ही पुढे जातो.

आता १९२४ सालाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झाले, खर्च वाढले, जपानातील १९२३ च्या भूकंपामुळे तिकडील गिऱ्हाईक तुटले, आणि जमशेदपूरचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला. मजुरांचा पगार देण्यास पैसा उरला नाही, अशी तार मुंबईस आली. दोराबजींनी इंपीरियल बँकेकडे आपली खाजगी मालमत्ता तारण ठेवून सुमारे १ कोटी रुपये उभे केले. त्या तारणात मेहेरबाईंचे दागिनेही होते, आणि त्या दागिन्यांत एक जगप्रसिद्ध हिरा होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास १८९७ साली ६० वर्षे झाली, त्या प्रसंगावरून त्या हिऱ्याचे नाव ज्युबिली असे पडले होते. त्याचे वजन २४५ कॅरेटांहून अधिक, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहूनही जास्त. पतीने विवाहानंतर थोड्याच वर्षांत हौसेने आणून पत्नीस दिलेला हा अलंकार मजुरांच्या पगारासाठी बँकेच्या तिजोरीत गेला. पुढे त्याच साली सरकारने पोलादाच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा केला, कारखाना सावरला आणि दागिने सुटले. परंतु त्या प्रसंगी पतिपत्नींनी मिळून एक गोष्ट करून दाखविली होती: जे प्रिय आहे तेही प्रसंगी मुठीतून सोडता येते. सात वर्षांनी दोराबजींस तीच गोष्ट पुन्हा, आणि या वेळी एकट्याने करावयाची होती.

१९३१ साली हे दांपत्य विलायतेत असता मेहेरबाईंस असाध्य व्याधी जडल्याचे दिसून आले. तो रोग म्हणजे रक्ताचा कर्करोग, ज्यास आपल्याकडे ब्लड कॅन्सर म्हणतात. त्या काळी या रोगावर क्ष-किरणांचा मारा व सोमलाची औषधे याहून फारसे काही वैद्यांच्या हाती नव्हते, आणि त्यांनी रोग थोडा थोपविला तरी बरा होत नसे. वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात दि. १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई मृत्यू पावल्या. त्यांचे वय ५१ वर्षांचे होते. लंडनजवळील ब्रुकवुड येथे पारशी लोकांची दफनभूमी आहे. तेथेच जमशेटजींचेही थडगे आहे. मेहेरबाईंस तेथे मूठमाती देण्यात आली.

दोराबजी त्या वेळी ७१ वर्षांचे होते. पत्नी आपणांहून वीस वर्षांनी लहान. जगाच्या रीतीने पाहता आपण आधी जाऊ व ती मागे राहील, असेच कोणीही धरून चालला असता. ते सारे उलटले. पुत्र नाही, कन्या नाही. धाकटे बंधू रतनजी १९१८ सालीच वारले होते. ३३ वर्षांचा सहवास संपला, आणि प्रकृतीही आता साथ देईना.

अशा वयात विधुर झालेल्या पुरुषांची अवस्था आम्ही आमच्या धर्मसेवेच्या काळात गावोगाव पाहिलेली आहे. स्त्री विधवा झाली म्हणजे तिचे दुःख निदान आक्रोशाने बाहेर पडते. वृद्ध पुरुष मात्र ओसरीवर मुकाट बसून राहतो. लोक त्यास धीराचा म्हणतात, आणि तो आतल्या आत विझत जातो. पत्नीचे लुगडे पेटीत तसेच घडी घालून ठेवलेले असते. तिचा चष्मा कोनाड्यात असतो. त्यास कोणी हात लावू नये, असा घरात अलिखित दंडक असतो. याची थट्टा करण्याचे आमच्या मनातही नाही. मृताच्या वस्तू जपणे हे प्रेमाचेच लक्षण होय. परंतु पुष्कळदा असेही होते की त्या पेटीबरोबर जपणाऱ्याचे मनही कुलूपबंद होते, आणि मग त्यास दुसऱ्याचे दुःख दिसेनासे होते.

दोराबजींची पेटी पुष्कळ मोठी होती. तिच्यात मेहेरबाईंचे २१ दागिने होते, आणि त्यांत तो ज्युबिली हिराही होता. मुंबईतील त्यांच्या आलिशान वास्तूत देशोदेशींच्या प्रवासांत जमविलेल्या वस्तू भरलेल्या होत्या. त्या साऱ्यांत बसून उरलेले दिवस काढण्यास त्यांस कोणी दोष दिला नसता. थोर पत्नीच्या स्मरणार्थ संगमरवरी छत्री उभारली असती, तरी लोकांनी वाहवाच केली असती. त्यांनी आपल्या शोकास वेगळ्या दिशेस वळविले. जो रोग तिला घेऊन गेला तो काय आहे, आणि तो आणखी कोणाकोणास नेणार आहे, या विचाराचा त्यांनी पाठपुरावा केला.

दि. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी आपल्या सर्वस्वाचे दानपत्र केले. टाटा सन्स व इतर कंपन्यांतील आपले भाग, जमीनजुमला आणि पत्नीचे ते २१ दागिने, हे सर्व त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्ट या नावाने लोककार्यास वाहिले. त्या काळच्या हिशेबाने ही संपत्ती सुमारे १ कोटी रुपयांची होती. तिचा विनियोग करिताना जात, धर्म, स्थळ यांचा भेद करू नये, अशी योजना होती. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १९३२ मध्ये, पत्नीच्या नावाने लेडी टाटा मेमोरिअल ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या उत्पन्नाचे पाच भाग करावे, चार भाग जगातील कोणत्याही देशात रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांस द्यावे, आणि एक भाग भारतात मानवी पीडा कमी करणाऱ्या संशोधनास द्यावा, असे ठरले. याशिवाय मेहेरबाईंच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याची आठवण म्हणून भारतीय पदवीधर स्त्रियांस परदेशी उच्च शिक्षणासाठी साहाय्य करणारा आणखी एक निधी त्याच साली निघाला. त्यास लोकवर्गणीचीही जोड होती.

या पाच भागांच्या वाटणीकडे वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे, अशी आमची विनंती आहे. आयुष्यभर स्वदेशी पोलादासाठी झटलेल्या मनुष्याने पत्नीच्या स्मृतीचा पाचांपैकी चार वाटे पैसा सरहद्दीबाहेर जाऊ दिला. याचे कारण उघड आहे. ज्या प्रयोगशाळा त्या रोगाचा छडा लावू शकत होत्या, त्या तेव्हा बहुतेक युरोपात व अमेरिकेत होत्या. पैसा आपल्या डोळ्यांसमोर राहण्यापेक्षा रोगाचा पराभव होणे अधिक अगत्याचे, असा तो हिशेब होता. शिवाय मेहेरबाईंस त्याचा काडीइतकाही उपयोग होणार नव्हता, हे देणाऱ्यास पुरते ठाऊक होते. आपल्या माणसासाठी जे उशिरा झाले, ते परक्याच्या माणसासाठी वेळेवर व्हावे, एवढीच त्यामागील इच्छा दिसते.

ही व्यवस्था लावून दोराबजी युरोपास निघाले. ब्रुकवुडला पत्नीच्या समाधीचे दर्शन घ्यावे, हा त्या प्रवासाचा हेतू होता. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन या गावी दि. ३ जून १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. पत्नीच्या मृत्यूस वर्ष पुरे होण्यास अद्याप पंधरा दिवस होते. त्यांचा देह ब्रुकवुड येथे नेऊन मेहेरबाईंशेजारी विसाव्यास ठेवण्यात आला.

दानपत्र मागे राहिले आणि त्यास फळे येऊ लागली. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात त्यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तीच संस्था १९४४ पासून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. १९८६ साली तिने आपल्या शेजारी तुळजापूर येथे केंद्र काढले. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील उद्ध्वस्त गावांत या संस्थेचे शिक्षक व विद्यार्थी पाहणीच्या व पुनर्वसनाच्या कामी फिरत होते. एका रात्रीत शेकडो स्त्रिया विधवा व शेकडो पुरुष विधुर झालेल्या त्या गावांत, साठ वर्षांपूर्वीच्या एका विधुराच्या दानाचा अंश अशा रीतीने पोहोचला होता.

परळचे रुग्णालय दि. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. विलायतेत पत्नीस ज्या प्रकारचे किरणोपचार मिळाले, ते आपल्या देशात गरिबांसही मिळावे, अशी दोराबजींची इच्छा होती. ती त्यांच्या विश्वस्तांनी पुरी केली. १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने व १९६२ साली अणुऊर्जा खात्याने त्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. अणुऊर्जा खात्याचे त्या वेळचे प्रमुख डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे पुत्र. त्यांची मूलभूत विज्ञानाची संस्थाही १९४५ साली याच ट्रस्टच्या साहाय्याने निघाली होती. तो ज्युबिली हिराही १९३७ च्या सुमारास परदेशी विकला गेला, आणि त्याची किंमत ट्रस्टच्या कामी लागली. आज तो कोणाच्या संग्रही आहे, याचे आम्हांस कुतूहल नाही; त्याचे तेज खाटांत, यंत्रांत आणि औषधांत उतरले, एवढे पुरे आहे.

मेहेरबाईंस ज्या रोगाने नेले त्याचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. गेल्या नव्वदांहून अधिक वर्षांत अनेक देशांतील असंख्य शास्त्रज्ञांनी त्याचे निरनिराळे प्रकार ओळखले. लहान मुलांस होणाऱ्या मुख्य प्रकारात वेळेवर व पुरे उपचार झाल्यास बहुसंख्य मुले आज बरी होतात. मोठ्यांच्या एका प्रकारास २००१ सालापासून रोजच्या गोळीने ताब्यात ठेवता येते, आणि रुग्ण शेतीभातीही पाहू शकतो. हे सारे एका ट्रस्टचे कर्तृत्व आहे, असे म्हणणे वेडगळपणाचे होईल. परंतु रोग जेव्हा निरुपाय समजला जात होता, तेव्हापासून त्या मोठ्या प्रवाहात मेहेरबाईंच्या नावाचा एक झरा अखंड मिळत आलेला आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की कोट्यधीशास दान करणे काय कठीण? आमचे उत्तर असे की संपत्तीतील शिलकीचा भाग देणे सोपे असते. सर्व देणे सोपे नसते. आणि मेलेल्या पत्नीचे दागिने देणे तर श्रीमंतासही गरिबाइतकेच कठीण जाते, कारण त्या वेळी तो सोने देत नसतो, आठवण देत असतो. लोक बहुधा असे समजतात की दुःखातून सावरणे म्हणजे पुन्हा पूर्वीसारखे होणे. दोराबजी पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. तेवढा काळही त्यांस लाभला नाही. त्यांची प्रकृती सुधारली नाही, एकाकीपण सरले नाही. तरीही ते सावरले असे आम्ही म्हणतो, कारण त्यांचे दुःख त्यांच्यापाशी अडून राहिले नाही. सावरण्यास दीर्घायुष्य लागत नाही. पन्नास आठवडेही पुरतात.

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांत अवर्षणाने व कर्जाने पती गमावलेल्या शेतकरी भगिनी आहेत. कर्करोगाने सहचर किंवा सहचरी गेल्यावर, उपचारासाठी विकलेल्या एकराच्या बांधावर उभे राहून पुढचा विचार करणारी कुटुंबे आहेत. त्यांस दानाचा उपदेश करण्याइतके आम्ही निष्ठुर नाही. त्यांनी आधी घ्यावे. आपण आधी द्यावे. तथापि अशा माणसांपाशीही एक धन असते, ज्याची किंमत त्यांचे त्यांस कळत नाही. त्यांस परळचा रस्ता ठाऊक असतो. नोंदणी कोठे करावी, कागद कोणते न्यावे, धर्मशाळेत कोणास भेटावे, रक्त देणारे नातलग किती लागतात, रात्री रुग्णास उलटी झाल्यास घाबरू नये, हे सारे त्यांनी फार महाग दराने शिकलेले असते. आपले माणूस गेल्यावर हे ज्ञान पेटीतल्या लुगड्याप्रमाणे घडी होऊन पडते. ते बाहेर काढून, प्रथमच मुंबईस निघालेल्या शेजाऱ्यासोबत एक वेळ जाणे, हे दोराबजींच्या दानपत्राच्याच जातीचे कृत्य होय.

ज्युबिलीच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबे दिवंगतांच्या स्मरणार्थ काही अर्पण करू इच्छितात. कोणी बाक देईल, कोणी घंटा, कोणी नाव कोरलेली फरशी. ते सर्व आम्ही आदराने स्वीकारू. त्याबरोबरच एवढी सूचना करितो की स्मरणाचा काही अंश जिवंत माणसाकडे जावा: एखाद्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणाकडे, एखाद्या रुग्णाच्या प्रवासखर्चाकडे, रक्तपेढीत दिलेल्या एका पिशवीकडे. ज्याच्या नावाने हे होईल, त्याचे नाव फरशीवर असो वा नसो, ते नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या घरात बऱ्या होऊन परतलेल्या माणसाबरोबर नांदेल. आपल्या प्रियजनांचे याहून चांगले स्मारक आम्हांस तरी सुचत नाही.